आमच्या घरची डे-नाइट

"डे अँड नाइट डिफरन्स" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि हल्ली ते सगळेच म्हणतात. भिंतीला रंग दिला, डे अँड नाइट डिफरन्स. गुडघ्याला कुठलंसं तेल चोळलं, डे अँड नाइट डिफरन्स. मी एसटीत कंडक्टर आहे, चंद्रपूरहून मूल गावावरून गडचिरोलीला जाणाऱ्या गाडीवर, त्यामुळे लोकांच्या तोंडचं जेवढं माझ्या कानांवर पडतं तेवढं न्हाव्याच्याही पडत नसेल. परवा एक बाई शेजारणीला सांगत होती, मुलानं शाम्पू बदलला आणि डे अँड नाइट डिफरन्स. मी तिला तिकीट दिलं आणि पुढच्या सीटकडे वळले. शाम्पूवर काय रागवायचं.

आपल्याकडे फरकाला शब्द नाहीत असं नाही. जमीन-अस्मानाचा फरक म्हणता येतं, ओळखू येत नाही म्हणता येतं, "लय बदलली बावा" म्हटलं तरी पुरतं. पण इंग्रजीतून म्हटलं की फरक जास्त पडतो, असा लोकांचा समज आहे. असो, लोकांवर माझा राग नाही. माझा राग एकाच माणसावर आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे.

आधी आमच्या घरची डे-नाइट सांगते. ती वेगळी होती.

बाबा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. फर्स्ट, सेकंड, नाइट अशी त्यांची पाळी आठवड्यानं फिरायची. नाइट करून सकाळी ते कंपनीच्या बसमधून उतरले की आमच्या क्वार्टरमध्ये दिवसाची रात्र करायची असे. आई खिडक्यांवर ब्लँकेटं टांगायची. कुकरची शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात शिजायचा. चपला दारातच हातात घ्यायच्या. शेजारीण विरजण मागायला आली तर ती खुणेनं मागायची आणि आई खुणेनं द्यायची, कारण पुढच्या आठवड्यात तिच्याही घरी तेच असायचं. या सगळ्या प्रकाराला आमच्या घरात 'डे-नाइट' म्हणत. "आज डे-नाइट आहे" असं आई म्हणाली की तोंडं बंद. आईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण ड्युटी, रिलिव्हर, ओव्हरटाइम, ब्रेकडाऊन एवढं इंग्रजी तिला पक्कं येत होतं आणि तेवढ्यावर तिचा संसार झाला.

या डे-नाइटमध्ये एकच माणूस बसत नव्हता, ती म्हणजे ताई. ताईला हळू बोलता यायचंच नाही. कुजबुजायला गेली तरी ते अंगणात ऐकू यायचं. आणि हसू आलं की संपलंच. आई तिला चिमटे काढायची, तोंडात पदर कोंबायची, आणि त्या पदरातूनही ती हसायची. गंमत म्हणजे बाबा कधी रागावले नाहीत. एकदा आईनं तिला धपाटा घातला तर आतून बाबाच ओरडले, "तिले काऊन मारून राह्यली? तिचा आवाज चालू असला का मले झोप लागते. आवाज बंद पडला तं माणूस जागा होते." बॉयलरवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाचं म्हणणं होतं ते. मशीन चालू आहे तोवर त्याला काळजी नसते.

रविवारी विहारात वंदना घ्यायचं काम ताईकडे असे. पांढरी साडी नेसून ती पुढे बसायची आणि माइक बंद असला तरी मागे कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या पुरुषांना शब्द न् शब्द कळायचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ढोलाच्या वर तिचा आवाज जायचा. कॉलनीत तिला ओळखायला तोंड बघावं लागत नसे.

तिचं लग्न मूलला झालं. मुलगा शिकलेला, आपल्यातला, सुपारीचंही व्यसन नाही. मूलच्या बाजारपेठेत त्याचे क्लास होते, इंग्रजी बोलण्याचे आणि व्यक्तिमत्त्व घडवण्याचे. राइस मिलच्या रस्त्याला त्याचा फलक होता. त्यावर डावीकडे खांदे पाडलेला एक मुलगा, उजवीकडे तोच मुलगा टाय लावून, आणि खाली मोठ्या अक्षरांत तेच, डे अँड नाइट डिफरन्स. जिजाजींचा सगळा धंदा त्या वाक्यावर उभा होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, पण मी लहान, माझं कोण ऐकतं.

माझी गाडी मूलच्या स्टँडवर थोडा वेळ थांबते. ड्रायव्हर चहा घेतो. लग्नानंतर सुरुवातीला ताई तिथे यायची, कधी पोहे घेऊन, कधी नुसतीच. तिनंच मला जिजाजींच्या पेनचं सांगितलं. जेवताना तिच्या तोंडून "मले" निघालं की जिजाजी पेननं ताटाच्या कडेला टक् करायचे आणि म्हणायचे, "मला." ती "हाव" म्हणाली की टक्, "हो." आमच्याकडे बाईसुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणते. ताई तसं म्हणाली की टक् टक्, "तू पुरुष आहेस का?" ताईनं हे मला हसत हसत सांगितलं. चमचा घेऊन चहाच्या टपरीवर नक्कल करून दाखवली. टपरीवाला पण हसला. मला नाही हसू आलं. ज्या मायनं "खाऊन घे रे बावा, मले काम आहे" म्हणत या माणसाला भरवलं, त्या मायचीच भाषा त्याला आता ताटाच्या कडेला ठोकून काढायची होती.

पुढे पुढे ताई स्टँडवर कमी बोलू लागली. वाक्य सुरू करायची, मध्येच थांबायची, तोंडातल्या तोंडात जुळवायची, आणि मग "जाऊ दे" म्हणायची. प्रत्येक वाक्यात एक तरी चूक निघणार हे माहीत असल्यावर माणूस वाक्य करणंच सोडून देतो. नंतर तिचं स्टँडवर येणंही बंद झालं. बाजारात उभं राहून गप्पा मारणं सोबर नाही, असं ठरलं होतं म्हणे. कोणी ठरवलं ते सांगायला नको.

पहिल्या उन्हाळ्यात दोघं माहेरी आली तेव्हा ताई भिंतीला टेकून बसली, पाणी मागितलं तेही इतकं हळू की आईनं दोनदा विचारलं. आईला वाटलं, पोरीला ताप आहे. तेव्हा जिजाजी अभिमानानं म्हणाले, "आई, तुमच्या मुलीत आता डे अँड नाइट डिफरन्स आहे. बघताय ना?"

आईनं त्यांच्याकडे काळजीनं पाहिलं. "तुमाले नाइट लागली का जवाईबापू? क्लासले बी नाइट असते?"

जिजाजी पोट धरून हसले. मग त्यांनी आईला शिकवणीच दिली, हा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे, याचा अर्थ फार मोठा बदल. आईनं मान डोलावली. पण नंतर स्वयंपाकघरात मला विचारलं, "नाइट नाई लागली, तं मंग पोरगी अशी काऊन बसली आहे?" बावळट प्रश्न म्हणून मीही तो तेव्हा सोडून दिला.

तो किस्सा जिजाजींनी मात्र सोडला नाही. एकदा मूलहून चढलेली दोन पोरं माझ्या पुढच्या सीटवर बसून खिदळत होती. क्लासचे सर प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी आपल्या सासूचा किस्सा सांगतात, असं एक दुसऱ्याला सांगत होता. "क्लासले बी नाइट असते?" हे वाक्य त्यानं बाईचा आवाज काढून म्हटलं. म्हणजे माझ्या आईचा आवाज काढून. नवीन पोरांची भीड चेपायला माझी आई जिजाजींना उपयोगी पडत होती. मी तिकिटाचं मशीन छातीशी धरून उभी राहिले आणि सावली गाव येईपर्यंत एका प्रवाशाशी नीट बोलले नाही. मला त्या पोरांना काही म्हणायचं नव्हतं. ज्याला म्हणायचं होतं तो गाडीत नव्हता.

मग बाबा गेले. दुखणं लांबलं नाही. रिटायर झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडलं होतं, पण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आईनं जुन्या कॉलनीच्या विहारातच ठेवला, कारण बाबांचे सगळे सोबती तिथले. वंदना ताईनं घ्यावी असं सगळ्यांनीच धरलं होतं. बाबांना तेच हवं असतं. ताई पांढरी साडी नेसून आली, आपल्या लहान मुलीला माझ्या मांडीवर दिलं, पुढे बसून हात जोडले, आणि सुरुवात केली. पहिल्या रांगेत बसलेली मी, मलाच नीट ऐकू येईना. मागचे लोक कधी म्हणायचं आणि कधी थांबायचं यात गोंधळले. कोणी पुढे जात होतं, कोणी मागे राहत होतं. शेवटी बाबांच्याच पाळीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी खड्या आवाजात सूर धरला आणि वंदना कशीबशी पार पडली. ताईची मान खाली होती. त्या क्षणी मला कळलं की हिचा आवाज नुसता लाजून बसलेला नाही, तो जाऊ लागला आहे, आणि कोणी काही केलं नाही तर तो कायमचा जाईल. बाबा गेल्याचं जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं तेव्हा आलं.

यानंतर जिजाजींना बाबांबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबांबद्दल एक वाक्य झालं, कष्टाळू होते असं, आणि गाडी ताईवर आली. लग्नाआधीची ही मुलगी आणि आजची ही स्त्री, यांच्यात डे अँड नाइट डिफरन्स आहे, हीच सासऱ्यांना माझी आदरांजली, असं ते म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माइक हातात होता. त्यांनी आईचा किस्सा सांगितला. समोर पांढऱ्या साडीत आई बसली होती, बाबांच्या फोटोला घातलेला हार अजून ताजा होता, आणि हे गृहस्थ हात नाचवून सांगत होते, "मग सासूबाई मला विचारतात, तुम्हाला नाइट लागली का? क्लासला पण नाइट असते?"

आणि लोकांनी हसावं म्हणून ते थांबले. कोणीच हसलं नाही. हसणार कसं? त्या विहारात बसलेल्यांपैकी निम्म्यांनी उभी हयात नाइट केली होती आणि निम्म्यांनी खिडक्यांना ब्लँकेटं टांगली होती. आईचा प्रश्न त्यांना अगदी रास्त वाटला. बाबांच्या पाळीतले ते काका खरंच उत्तराची वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "मंग लागली होती का नाइट?"

जिजाजींचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. सुखानं आठवावं असं त्या दिवसात तेवढंच होतं.

जेवणं सुरू झाली तेव्हा मी त्यांना मांडवामागे पाण्याच्या ड्रमजवळ गाठलं. म्हटलं, तुम्हाला बाबांबद्दल बोलायला उभं केलं होतं. तर म्हणाले, मी त्यांचंच कौतुक केलं, शेवटी कच्चा माल त्यांचाच ना. कच्चा माल. माझ्या बहिणीला. मी विचारलं, ती बोलत का नाही? ते म्हणाले, बोलते, गरजेपुरतं बोलते, त्याला सोबर म्हणतात, तुमचा व्यवसाय ओरडण्याचा असल्यामुळे तुम्हाला ते कळायचं नाही.

माझा आवाज चढला. "तुमी माह्या गाडीत असते तं जंगलात वाघाच्या टप्प्यात घंटी मारून उतरवलं असतं तुमाले."

ते शांतपणे म्हणाले, "असते तं नाही. असता तर."

मी हात उचलला असता. खरंच उचलला असता. पण ताई कुठून तरी आली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला वरणाचा वास होता. मान वळवून तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "हळू बोल. डे-नाइट आहे."

इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून तो आमचा शब्द आला. बाबा आता कुठे झोपले होते? ज्याच्यासाठी खिडक्या झाकायच्या तो माणूस गेला होता. हिच्या घरात मात्र रोजच ब्लँकेटं टांगलेली होती, आणि हे तिलाही पुरतं माहीत होतं. मी गप्प झाले. माझ्यापुरता जिजाजींचा विजयच झाला म्हणायचा.

पाहुणे पांगल्यावर मी हे आईला सांगितलं. आई भांडी घासत होती, ती थांबली. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "पाळी तं आठवड्यानं बदलते. आठवड्याच्या वर कोणी नाइट लावते का?" मग पुन्हा घासायला लागली. त्या दिवसापासून तिनं जवाईबापूंच्या नावानं चांगलं बोलणं बंद केलं. आईनं चांगलं बोलणं बंद केलं म्हणजे काय, ते तिच्या ओळखीतल्यांनाच कळेल.

मी मूलवरून रोज जात होते. रोज स्टँडवर नजर फिरवायची. फोन केला तर जिजाजी उचलायचे आणि ताई कामात आहे म्हणून सांगायचे. एक दिवस गाडी गडचिरोलीहून परत येताना मूलला थांबली, मी खाली उतरून "चंद्रपूर, चंद्रपूर" असा पुकारा करत होते, आणि गर्दीतून ताई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला तिची मुलगी. मुलगी नुकतीच बालवाडीत जाऊ लागली होती.

ताई दाराजवळच्या सीटवर बसली. सगळं तिनं त्या हळू आवाजातच सांगितलं, मला वाकून ऐकावं लागलं. बालवाडीच्या बाईंनी तिला बोलावून विचारलं होतं, मुलगी मुकी आहे का? वर्गात एक शब्द काढत नाही, तहान लागली तर खुणेनं पाणी मागते. ताईनं घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, मुकी कशाला, शिस्तीची आहे, बघ, बाकीच्या पोरांत आणि हिच्यात डे अँड नाइट डिफरन्स आहे. दुसऱ्या दिवशी तो क्लासला गेल्यावर तिनं पिशवी भरली.

गाडी सुटली. मी पुढून तिकिटं फाडत तिच्यापर्यंत आले. म्हणजे फाडत कसली, आता मशीन आहे, पण सवय जात नाही. विचारलं, "कुठलं?"

ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली.

म्हटलं, "ऐकू नाई आलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मी मशीन घेऊन तशीच उभी राहिले. धानाच्या रोवणीहून परतणाऱ्या बाया मागे दाटीनं बसल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, लाजते कायले बाई, तिकीट काढून राह्यली, चोरी थोडी करून राह्यली. सरकारनं बायांचं तिकीट अर्धं केलं आहे, त्याबद्दल त्या बाया सरकारला दुवा देतात. माझ्या जिजाजींनी अख्खी बाईच अर्धी केली होती, त्यांना कोणी विचारलं नाही.

"मोठ्यानं," मी म्हटलं. "मले ऐकू गेलं पायजे."

ताईनं एकदा पोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "चंद्रपूर दे. एक." आवाज फाटला, घोगरा होता, पण मागच्या बाईपर्यंत गेला. मागची बाई म्हणाली, "आता कसं."

गाडी जंगलात शिरली. लोहारा गावाच्या आधी पोरगी खिडकीला चिकटून बसली होती, तिला काहीतरी दिसलं, रानडुक्कर असेल, आणि तिनं आईचा पदर ओढून खुणेनं दाखवलं. ताई म्हणाली, "बोल. काय दिसलं ते बोल." पोरगी बोलली नाही. चंद्रपूर आलं तरी बोलली नाही. एका दिवसात काही होत नसतं. मला कुठलाही फलक रंगवायचा नाही.

आईच्या घरी दोन खोल्या आहेत. पोरगी पहिले काही दिवस चपला हातात घेऊनच घरात यायची. आई तिला म्हणायची, पायात घाल, वाजू दे. मग एका दुपारी ती न्हाणीतून ओरडली, "आजी, मले टॉवेल दे." मी चहा गाळत होते. ताई कणीक मळत होती, तिचा हात थांबला. कोणी "मला" म्हटलं नाही. आई टॉवेल घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी जिजाजींचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर टाकला, कारण तिला दुसरं बटण सापडत नाही. ताई पोरीचे केस विंचरत होती, पोरगी ओरडत होती, ताई तिच्यावर ओरडत होती, आणि ते सगळं फोनमध्ये जात होतं. जिजाजी म्हणाले, "आई, मागे कोण ओरडतंय? ही ती आहे का? ही अशी नव्हती. एवढ्यात डे अँड नाइट फरक पडला हिच्यात."

आईनं फोन तोंडाजवळ आणला. या वेळेला तिनं काही विचारलं नाही.

"तिची नाइट संपली, जवाईबापू," ती म्हणाली. "लय लांबली होती."